हसीनाबीने झाकलेला झटका

चाळीसगावात गाद्या भरून देणारी हसीनाबी माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. तिच्या माहेनूरला बाराव्या वर्षापासून मिरगी. पोरगी जमिनीवर पडायच्या आत आईची ओढणी तिच्यावर पडलेली असायची. लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, कुठेही. झटक्यातलं वाकडं तोंड लोकांनी पाहिलं तर पोरीला कोण करून घेईल, ही धास्ती. मला त्या ओढणीचा भारी राग यायचा.

पोरगी चोवीस वर्षांची झाली, औषधं बदलून थकलो, झटके थांबेनात. जळगावच्या डॉक्टर मयुरी म्हणाल्या, "मेंदूत उजवीकडे एक डाग दिसतोय. झटका तिथूनच उठत असेल, तर तेवढा भाग काढता येईल. नसेल, तर छातीत यंत्र बसवता येतं. पण त्याने झटके कमी होतात, क्वचितच थांबतात." हे ठरवायला झटका कॅमेऱ्यात हवा होता. तोंड कुठे वळतं, कोणता हात आखडतो, सगळं. म्हणून डोक्याला तारा लावल्या, गोळ्या कमी केल्या. इस्पितळात खाट चारच दिवसांची मिळाली.

आईने पोटच्या पोरीला झटका यावा म्हणून वाट बघायची! हसीनाबी खाटेला चिकटून बसली. सोबतीला गेलेली मीही तीच वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माहेनूरचे डोळे थिजले. मी बटण दाबलं, नर्स धावली. पण तोवर हसीनाबीने ओढणी टाकलीसुद्धा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं हलणारं हिरवं कापड.

"मावशी, तारांवरून अर्धंच कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "आता उद्याचा एकच दिवस."

माझी जीभ घसरली. "झाक, आता ऑपरेशनही झाक!"

ती रडली नाही. म्हणाली, "अक्का, मना हात ऐकतस नही. उद्या तू धर."

चौथ्या दिवशी सकाळपासून मी तिची मनगटं धरून बसले. दुपार टळली, काही नाही. चार वाजता माहेनूरचे ओठ चघळल्यासारखे हलू लागले. उजवा हात चादर चाचपू लागला, डावा वाकडा होऊन आखडला. हसीनाबीने असा हिसका दिला की मी खुर्चीवरून पडता पडता राहिले, पण सोडलं नाही. नर्सने पोरीला कुशीवर वळवलं. दीड मिनिट. मला ते सरता सरेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "जागा तीच. ऑपरेशन होऊ शकतं."

ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी माहेनूरने स्वतःचा झटका पडद्यावर बघायला मागितला. हसीनाबी नको नको म्हणत होती. पोरीने दोनदा पाहिला.

"बस, इतनाच?" ती आईला म्हणाली. "अम्मी, मैं समझी थी, मेरा मुँह देखने लायक नहीं रहता."

माहेनूरने कागद ओढून सही केली. आईकडे तिने पाहिलं नाही.