मधली रेघ

"आधी बोट फिरव, मग माउस," असं म्हणत ताई खुर्ची सरकवत यायच्या आणि सरळ माझ्या स्क्रीनवरच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रावर बोट टेकवायच्या. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीपासून बोट हळूहळू खाली आणायचं, फाटा आला की थांबायचं, कुठल्या पायात जायचं ते ठरवायचं आणि मग पुढे निघायचं. तेवढ्यात काचेवर एक लांबलचक तेलकट पट्टा उमटायचा. मग पर्समधून चष्म्याचं फडकं काढून त्या तो पुसायच्या. दुसऱ्याच्या वस्तूला डाग लावून जाणं त्यांना पटत नसे आणि डाग न लावता शिकवणं जमत नसे.

ही गोष्ट अमेरिकेतल्या कॅरी गावच्या एका छोट्या कंपनीतली. पेशंटच्या सीटी स्कॅनवरून रक्तवाहिन्यांची मॉडेल्स तयार करून सर्जन लोकांना द्यायची, हा आमचा धंदा. मॉडेल झालं की त्या नळीच्या बरोबर मधून जाणारी एक रेघ काढावी लागते. नळीत मावेल तेवढी मोठी गोटी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेली, तर गोटीचा मध्य जिथून जिथून जाईल ती ही रेघ. गोटी कुठे लहान झाली ते पाहिलं की वाहिनी कुठे अरुंद आहे ते कळतं, आणि डॉक्टर त्यावरून मापं घेतात. हे गणित करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे आणि ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्याच्या ऑनलाइन फोरमवर कुठकुठले विद्यार्थी अडले की प्रश्न विचारत, आणि आमच्या ह्या बाई जेवणाच्या सुट्टीत त्यांना उत्तरं लिहीत बसत.

त्या मूळच्या नागपूरच्या, मी पुण्याचा. वयाने बऱ्याच मोठ्या, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना ताई म्हटलं. शेजारच्या अमेरिकन बाईंना ते त्यांचं टोपणनाव वाटलं. त्यांनी ते उचललं, मग मॅनेजरने उचललं, आणि पुढच्या वाढदिवसाला केकवर चक्क 'ताई' लिहून आलं. "पाह, अख्ख्या अमेरिकेची बहीण होऊन बसली मी," त्या मला म्हणाल्या आणि केकचा तोच अक्षरांचा तुकडा त्यांनी स्वतःकडे घेतला.

सॉफ्टवेअर कधीकधी गंमत करतं. शेजारून जाणाऱ्या दोन वाहिन्या मॉडेलमध्ये एकमेकींना चिकटल्या की रेघ एकीतून निघून दुसरीत घुसते. असं झालं की ताई खूश. "हा पाह, चालला शेजाऱ्याच्या घरात चहा प्यायला," म्हणत त्या चिकटलेला भाग सोडवायच्या आणि गणित पुन्हा लावून द्यायच्या. एरवी दहा माणसांना वैताग आणणारी ही चूक त्यांना मात्र दिवसभर पुरायची.

चिडायच्या त्या एकाच गोष्टीवर. वाहिनी जिथे पूर्ण बंद असते तिथे मॉडेल तुटतं आणि रेघ पुढे जात नाही. अशा वेळी मधला भाग हाताने जोडून टाकायची सोय असते. मी नवीन असताना तेच केलं. चित्र छान दिसायला लागलं.

"काय करून राहिला तू?" मागून आवाज आला.

"ताई, लाइन कम्प्लीटच होत नव्हती यार. म्हणून ब्रिज केलं."

"होत नव्हती म्हणजे तिथे रस्ता नाही. तुझी रेघ पाहून तिकडे डॉक्टर रस्ता मोकळा करायला आत तार घालेल. तुटलेलं आहे तर तुटलेलंच दाखवायचं."

त्या दिवशी त्या माझ्याशी जेवताना बोलल्या नाहीत. डब्यातली सांबारवडी, म्हणजे त्यांच्या नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, मात्र माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून मी कधी कुठे काही जोडलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणाचंही मॉडेल बाहेर जाण्याआधी दुसऱ्याने तपासायचं. मॉडेलवर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर. ताई ह्याला 'दुसरे डोळे' म्हणत. बहुतेक वेळा त्यांचे दुसरे डोळे मी असायचो, आणि त्याचा मला अभिमान होता, हे कशाला लपवू.

त्यांना ऑफिसला सोडायला त्यांचे यजमान येत. ताईंचे यजमान म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायचो. ताई कॉलनीतल्या रस्त्यांवर गाडी चालवत, पण हायवेचं नाव काढलं की हात जोडत. त्यामुळे रोज सकाळी भाऊजी त्यांना आणून सोडायचे, मग ऑफिसमागच्या झाडीतल्या पायवाटेने भरपूर चालून यायचे, आणि संध्याकाळी न्यायला हजर. काच खाली करून मला विचारायचे, "काय रे, आमची बाई नीट वागते ना ऑफिसात?" मी म्हणायचो, "आम्हालाच नीट वागवतात." ह्यावर ते रोज नव्याने हसायचे.

त्यांना साखर होती, जुनीच. एका वसंतात उजव्या पायाच्या अंगठ्याला नख काढताना जखम झाली आणि ती भरेना. पाइन वृक्षांच्या परागांची पिवळी भुकटी सगळ्यांच्या गाड्यांवर बसते ते दिवस. भाऊजींची गाडी एरवी पार्किंगमध्ये सर्वांत स्वच्छ असायची, त्या वर्षी ती पिवळीच राहिली. चालणंही बंद झालं. ताईंना सोडून ते परस्पर घरी जाऊ लागले.

पुढचं मला नंतर समजलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढे एका सोमवारी जे झालं त्याचा अर्थ लागणार नाही. सर्जनने सांगितलं, गुडघ्याखालच्या वाहिन्या बंद झाल्या आहेत, पुढे जोडायला काहीच उरलेलं नाही, इन्फेक्शन वर चढतंय, पाय काढावा लागेल आणि लवकर ठरवा. गाडीत बसल्यावर भाऊजी ताईंना म्हणाले, "तू रोज हेच काम करते ना? मग तू पाहून सांग. रस्ता नाही म्हणशील तर सही करतो. आहे म्हणशील तर मी पाय देत नाही." ताईंनी हॉस्पिटलमधून स्कॅनची डिस्क मागून घेतली. त्या सॉफ्टवेअरला ना ऑफिसची परवानगी लागते, ना कुणाला विचारावं लागतं. शनिवार-रविवार घरच्या लॅपटॉपवर, डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी नवऱ्याच्या पायाचं मॉडेल बनवलं. रेघ गुडघ्याच्या मागे येऊन थांबली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा थांबली. मग त्यांनी मधला भाग हाताने जोडला.

सोमवारी सकाळी त्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "हे जरा दुसऱ्या डोळ्यांनी पाहून दे."

घरचा लॅपटॉप पाहून मला वाटलं, फोरमवरच्या कुणा विद्यार्थ्याचं असेल. त्यांचे असे उद्योग चालूच असायचे. मी रेघेवरून फिरलो, प्रत्येक ठिकाणची रुंदी दाखवणारा आलेख उघडला, आणि हसलो.

"ताई, हे जोडलंय कुणीतरी. हे बघा, वरपासून रुंदी सारखी वरखाली होतेय आणि इथे एकदम सपाट. इतकी एकसारखी नळी प्लंबरकडे मिळते, माणसात नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के. पुढे एक धागासुद्धा नाही. हा मनाने ओढलाय. स्टुडंट आहे ना कोणी? त्याला म्हणावं, एक दिवस ताईंच्या हाताखाली बस, पुन्हा करणार नाहीस."

त्या स्क्रीनकडेच पाहत होत्या. "दुसऱ्या कुठून जाऊन पाहिलं तर? बाजूची एखादी बारीक?"

मी पाहिलं. त्यांच्यासाठी म्हणून नीट पाहिलं, सगळे फाटे पाहिले. "नाही हो. कुठूनच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगते त्याला." लॅपटॉप मिटला आणि गेल्या.

दुपारीच त्यांनी भाऊजींना बोलावून घेतलं. खिडकीतून मला त्यांची पिवळी पडलेली गाडी दिसत होती. दोघं आत बसले होते आणि गाडी बराच वेळ निघाली नाही. कुणाचा तरी फोन आला असेल, असं समजून मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत, आणि मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं की त्यांच्या मिस्टरांचं ऑपरेशन आहे, उजवा पाय गुडघ्याखाली काढताहेत. मी जागेवरून उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो. तो प्लंबरचा विनोद माझ्या कानात घुमत होता आणि त्यावर मीच हसलेलो होतो.

भाऊजी ऑपरेशनमधून नीट उठले. ताप उतरला, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, वेळेत निर्णय घेतलात. अडचण गाडीची होती, कारण आता त्यांना चालवता येईना. मग ताईंनी हायवे शिकायला घेतला. रविवारी त्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, भाऊजी मागे कुबड्या घेऊन. ताई हळू गाड्यांची उजवी लेन धरूनही इतक्या हळू जायच्या की ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे.

"अगं, दाब की जरा," भाऊजी मागून म्हणायचे. "आता उजवा पाय तुझ्याकडेच आहे."

ताई हसायच्या नाहीत. मीच काय तो हसायचो, आणि आरशात भाऊजी माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

नकली पाय आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. तो लावून भाऊजी दारापासून पत्रपेटीपर्यंत जायचे आणि परत यायचे. उन्हाळ्यापर्यंत ऑफिसमागच्या पायवाटेवर जाईन म्हणायचे. जानेवारीत एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, हृदय थांबलं आणि ते गेले. हृदयाच्या वाहिन्याही आतून तशाच झाल्या होत्या.

ताई कामावर परत आल्या. काम पूर्वीइतकंच चोख. फक्त खुर्ची सरकवत यायच्या बंद झाल्या. नवीन मुलं अडली तर जागेवरूनच सांगायच्या, "होईल, पाहून घे ना." फोरमवर त्यांचं नाव दिसेनासं झालं. काही विद्यार्थी बरेच दिवस त्यांना नावाने हाक मारून प्रश्न विचारत राहिले. शेवटी त्यांची उत्तरं मी लिहू लागलो.

पुढच्या शरद ऋतूत त्यांच्या मुलीने त्यांना तिच्या गावी, प्लेनोला बोलावून घेतलं. आता त्या तिथेच असतात. फोनवर तिथल्या उन्हाबद्दल आणि नातीच्या मराठीबद्दल बोलतात. नात म्हणे प्रत्येक गोष्टीला "आजी, आय नो" म्हणते. कामाबद्दल त्या विचारत नाहीत, मीही काढत नाही. मला त्यांची फार आठवण येते, हेही अजून सांगितलेलं नाही.

त्या जाण्याआधी त्यांचं इथलं घर आवरायला मी गेलो होतो. भांडी, पुस्तकं, देव असं सगळं खोक्यांत भरलं गेलं होतं. गराजमध्ये भिंतीला टेकून भाऊजींचा नकली पाय उभा होता, त्यात त्यांचा करडा स्पोर्ट्स शू तसाच होता. "हे कुठे डोनेट करतात, तुला माहीत आहे?" ताईंनी विचारलं. एक संस्था असे पाय घेते, एवढं मला माहीत होतं. मी पोचवतो म्हणालो.

त्या एका खोक्यावर बसल्या. "जायचंच होतं तर पायासकट जाऊ द्यायला पाहिजे होतं त्याला. थोडा चालला असता."

"ताई, पाय ठेवला असता तर तेवढेही दिवस मिळाले नसते. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी त्याला तेच सांगितलं ना गाडीत. रस्ता नाही म्हणून. त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, ठीक आहे, चल."

मग इतके दिवस अडकलेलं माझ्या तोंडून निघालं. "तुम्ही मला तेव्हा सांगायचं होतं ना, तो पाय भाऊजींचा आहे म्हणून. मी असं बोललो नसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, मला तो हवा होता तरी नव्हता. "म्हणून तर नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तूही जोडला असता."

खरं होतं ते, मी जोडला असता. मी तो पाय उचलला. अपेक्षेपेक्षा हलका होता. गराजच्या दारात ताईंनी मला थांबवलं, खाली वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि म्हणाल्या, "आता ने."