पत्र्याखालची गार घरं

माझी धाकटी लेक नेमकी कुठे नोकरी करते, हे मला अजून कुणाला धड सांगता येत नाही. बसते नगरपालिकेत, जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीमागच्या खोलीत. पगार मात्र देते एका धनाढ्य माणसाची संस्था. वाढत्या उन्हावर शहरांनी नवे उपाय शोधावेत म्हणून त्यानं आपल्या कमाईतला मोठा वाटा बाजूला काढलाय म्हणे.

"अगं, मग तुझा साहेब कोण?"

"दोघंही, आणि कुणीच नाही. सासर तिकडे, माहेर इकडे, मी आपली वाटेवर."

हसावं की काळजी करावी, मला कळेना.

काम तसं सोपं होतं. पत्र्याचं छप्पर पांढरं रंगवलं की आतला उकाडा कमी होतो. चार गल्ल्यांतली जी सर्वांत जास्त तापते, तिची छपरं संस्था याच उन्हाळ्यात रंगवून देणार होती. त्यासाठी घरोघर काडेपेटीएवढी तापमापकं लावायची होती. "आई, तू चल. मला बघून बायका दार लोटून घेतात," धाकटी म्हणाली. मी गेले. ती सांगायची, "छपराखाली, भिंतीवर टांगा." आणि निघताना मी, सवयच माझी, प्रत्येकीला बजावायची, "परक्याची महागाची वस्तू आहे हो, जपा."

दीड महिन्यानं आकडे आले. ज्या गल्लीत दुपारी आम्हाला पाच मिनिटं उभं राहवलं नव्हतं, तीच सगळ्यांत गार! तिथल्या आमच्या शिवणवालीचं घर तर भर दुपारी पंचवीस अंश. आम्ही तडक तिच्याकडे गेलो.

"जिवापाड जपलंय बघा," म्हणत तिनं पाण्याच्या हंड्यामागून ओल्या फडक्यातली पुडी काढली. "ते बिचारंही तापायचं हो. हात लावला की चटका. तुम्हीच म्हणालात ना, जपा!"

"मी तर दागिन्यांच्या डब्यात ठेवलंय," शेजारीण म्हणाली.

"दागिने कुठले गं तुझ्याकडे?"

"डबा तर आहे!"

सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. गुरुवारी संस्थेच्या बाई येणार होत्या. गल्ली त्या दिवशी ठरायची होती, आणि धाकटीला पुढचं वर्ष मिळणार की नाही, तेही.

"आकडे हातानं सुधार," मी घरी म्हटलं. "खरं काय ते आपल्याला ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे, पण मोजलेलं नाहीये, आई."

"मग गप्प बस. दुसऱ्या गल्लीला रंग मिळेल, तुझी नोकरी तरी राहील."

हे मीच बोलले. मुलींना खरं बोलायला मीच शिकवलं होतं.

गुरुवारी तिनं सगळं सांगितलं, माझ्या "जपा"सकट. संस्थेच्या बाई आधी खूप हसल्या, मग बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. निकाल असा, की धाकटीची नोकरी आणखी एक वर्ष. उन्हाळाभर पुन्हा मोजणी. रंग पुढच्या वर्षी.

म्हणजे खरं बोलल्याचं फळ आमच्या घरात आलं आणि पत्रा तापत राहिला शिवणवालीचा. रागवायचं कुणावर? देणाऱ्यावर? तो तर आपण होऊन देतोय, पुरावा मागणारच. पालिका म्हणते, पैसा त्यांचा, नियमही त्यांचे. आणि "जपा" तर मीच म्हटलं होतं. विचार करून डोकं शिणतं, पण गुंता सुटत नाही.

काल दुपारी मी एकटीच शिवणवालीकडे गेले. शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर चढले आणि ते तापमापक छपराखाली स्वतः टांगलं. थोड्या वेळानं आकडा दिसला, एकेचाळीस.

"आता बरोबर आला ना?" तिनं खालून विचारलं. "मग पोरीला सांगा, खूश होईल."

तिनं पदरानं मानेवरचा घाम टिपला आणि स्टुलासाठी हात पुढे केला. तिला अजून चार गणवेश संपवायचे होते.