जॅकवरच्या गाडीतून कुरखेड्याला

वामनभाऊ, गुडघा काय म्हणतो? तेल चोळून राहिलात, की नुसतंच बाटलीकडे पाहून राहिलात? मीराबाई, डोळ्याचं ऑपरेशन झालं ना… आता माझं लिहिलेलं नीट दिसतं का? आणि सिरोंच्याच्या जावईबापूंचा खोकला?

आमच्याकडे आम्ही दोघं ठणठणीत. दुखणं निघालं ते अंगणातल्या तिसऱ्या माणसाचं… आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं.

त्याचं असं झालं. शेवंताला, म्हणजे आमच्या घरधनिणीला, माहेरी कुरखेड्याला जायचं होतं. मोहफुलं पडायला लागली होती. तिच्या वडिलांनी लेकींना एकेक मोहाचं झाड नेमून दिलेलं… हे थोरलीचं, हे शेवंताचं. अजूनही गावातलं कोणी तिच्या झाडाखालचं फूल उचलत नाही.

गेल्या साली ती आजारी होती, जाणं झालं नाही. यंदा थोरलीचा फोन आला, "तुह्या झाडाखाली झाडून ठेवलं हाये. पण आता माह्याच्यानं दोन झाडं होत नाई वो. यंदा ये… पुढच्या सालाचा काई भरोसा नाई."

बसमध्ये शेवंताला वरोऱ्याची वेस ओलांडायच्या आधीच मळमळतं. म्हणजे गाडीच हवी. अन् मोह काही कोणासाठी थांबत नाही…

लांबचा पल्ला म्हणून पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. खाणीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, त्यामुळे पाठीला जमिनीची सवय आहे. पुढच्या चाकांच्या मागे, स्टेअरिंगच्या दांड्यावर दोन्हीकडे रबराचे चुणीदार मोजे असतात. त्यांना बूट म्हणतात. धूळ-पाणी आत जाऊ नये एवढंच त्यांचं काम.

दोन्ही चुणीचुणीत तडकलेले. उजवा तर पार उसवलेला… आत बोट घातलं तर वंगण कमी अन् मातीच जास्त. घुग्घुसच्या खाणीची काळी, कुरखेड्याची लाल, दोन्ही एक होऊन बसलेल्या. आमचा सगळा संसार जसा काही त्या रबरात साठून राहिला होता…

नशीब, दांडा अजून गंजानं खाल्ला नव्हता. हलवून पाहिला, घट्ट होता. पण असंच चालवत राहिलो असतो तर स्टेअरिंग सैल व्हायला वेळ लागला नसता, अन् वडशाच्या पुढे जंगलाचा रस्ता. शेवंताला म्हटलं, बूट बदलल्याशिवाय जायचं नाही. तिनं नुसतं टोपलं भिंतीला परत टांगून ठेवलं… ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर गाठलं. दुकानदार गाडीचं नाव ऐकून हसला, "काका, ते गाडी अजून चालून राह्यली?"

म्हटलं, "चालून राह्यली म्हणून तर बूट फाटला ना, बापू. बसलेल्याचा जोडा कधी फाटते का?"

हसत हसत त्यानं माळ्यावरून जोडी काढून दिली.

परवा सकाळी गाडीचं तोंड जॅकनं उचललं, खाली मजबूत स्टँड लावले, चाकं काढली. दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा नट जिथं होता तिथं पांढऱ्या रंगाची खूण केली अन् सांधा सोडवला. जुने बूट ओढून काढले, दांडा पुसला, नवं ग्रीस भरलं, नवे बूट चढवले, क्लिपा आवळल्या, सांधा खुणेपर्यंत परत आवळला.

मग शेवंताला हाक मारली, "स्टेअरिंगवर बस जरा. थोडं डावीकडे घे… आता उजवीकडे." मी खालून पाहत होतो. पेटीच्या भात्यासारखे बूट उघडत होते, मिटत होते. म्हटलं, "बस झालं, उतर आता."

ती उतरली नाही. वर स्टेअरिंग आपलं हळूहळू फिरतच होतं…

"अवं, काय करून राह्यली?"

"चूप राहा जी. नागभीडचं फाटक लागलं."

मी पाना छातीवर ठेवून पडून राहिलो. कडुलिंबाचा बारीक मोहोर बाहेर राहिलेल्या माझ्या पायांवर गळत होता. ज्या बाईनं आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नाही, ती चाकं नसलेली गाडी घेऊन निघाली होती.

"ब्रह्मपुरी गेली… आता वैनगंगेचा पूल. पाणी लई खाली गेलं यंदा." मग बराच वेळ स्टेअरिंग सरळच. मलाही खालून नदीचा गार वारा लागल्यासारखा वाटला, खोटं कशाला सांगू…

अन् एकदम तिनं स्टेअरिंग डावीकडे पार अटकेपर्यंत फिरवलं.

"अवं! इकडे कुठी?"

"झाडाकडे. डांबरी सोडली ना मी."

तेवढ्यात मला दिसलं. उजवा बूट पुरता ताणला तेव्हा त्याच्या चुण्यांत पीळ होता. मी सांधा आवळताना रबर सोबत फिरलं होतं. अर्ध्या वळणात तो पीळ लपून गेला होता, अन् मी "बस झालं" म्हणून मोकळा झालो होतो. थोड्याच दिवसांत तो तिथूनच फाटला असता.

"तशीच धरून ठेव," म्हटलं. क्लिप सैल केली, पीळ सोडवला, परत आवळली. मग दोन्ही अटकांपर्यंत फिरवून घेतलं, दोनदा… दुसऱ्यांदा निव्वळ तिच्यासाठी.

काल वरोऱ्यात चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं अन् आज पहाटे निघालो. पुलावर तिनं काच खाली केली. कुरखेड्याच्या पुढे डांबरी सोडली, स्टेअरिंग अटकेपर्यंत फिरलं… हूं नाही की चूं नाही.

झाडाखाली पिवळा सडा पडला होता. थोरली कमरेवर हात ठेवून उभी. "काऊन वो, इतक्या दिवसानं?"

शेवंता टोपलं घेऊन उतरली. "मी तं परवाच येऊन गेली बाई," म्हणाली अन् वेचायला बसली.

थोरली माझ्याकडे पाहायला लागली. मी गाडीकडे बोट दाखवलं…

दोघी अजून वेचून राहिल्या आहेत, मी गाडीला टेकून फोनवर तुम्हाला हे लिहितोय. गुडघा, डोळे, खोकला… सगळ्यांनी लवकर कळवा. तुमची उत्तरं संध्याकाळी दोघींना वाचून दाखवायची आहेत.