वारा सकाळी येऊन गेला

माजलगावच्या धरणावर आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब आहे, हे सांगितलं की बीडमधले लोक आधी हसतात आणि मग पोहता येतं का, ते विचारतात. होड्या पाच, सभासद अकरा. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे वाऱ्यातलं मला कळत असणार, असं धरून सगळ्यांनी मला शर्यतीचा पंच केलं.

गेल्या वर्षी शर्यत आठला सुरू व्हायची होती. वारा झकास होता, शिडं फडफडत होती. पण झेंडा दाखवायला एक पुढारी बोलावले होते आणि ते वाटेत दोन लग्नं उरकून येणार होते. त्यांच्याशिवायच सुरू करू, असं मी सुचवलं. क्लबच्या अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शिट्टी परत खिशात ठेवली. साहेब साडेअकराला आले. भाषणात त्यांनी मराठवाड्याच्या सागरी परंपरेचा गौरव केला. मग झेंडा हलला, होड्या जरा आत गेल्या आणि वारा पडला.

तासभर पाचही होड्या भर पाण्यात उभ्या. आमच्या सभासदांतल्या डॉक्टरांची सर्वांत पुढे, म्हणजे सर्वांत लांब अडकलेली. अडीअडचणीला ठेवलेल्या मोटारबोटीतून साहेबांना धरण दाखवून झालं होतं, त्यात तिचं पेट्रोल संपलं. शेवटी जाळी काढायला आलेल्या एका बाईंना मी काठावरून हाक मारली. त्यांनी आपल्या होडीला दोर बांधून, वल्ही मारत, एकेकाला ओढत आणलं. लांबच्या डॉक्टरांना आधी. शेवटची होडी काठाला लागल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, सकाळी लई वारं होतं. तवा कावून न्हाई निघालाव?"

मी साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. "चुकलं आमचं," एवढंच मी म्हणालो, आणि वीस वर्षं वर्गात खारे वारे, मतलई वारे शिकवल्याची मला प्रथमच लाज वाटली.

ओढून आणलेली होडी नियमाने बाद, म्हणून मी पाचही बाद केल्या. डॉक्टर ऐकेनात. काठाला आधी आपण लागलो, हा त्यांचा मुद्दा. अध्यक्षांना तो पटला आणि ढाल डॉक्टरांना मिळाली. बाईंना साहेबांसाठी आणलेल्यांतली उरलेली शाल द्यायचं ठरलं, पण तोवर त्या उरलेली जाळी काढायला पाण्यात परत गेल्या होत्या.