जात नसलेला अर्जदार

यवतमाळला मी कोर्टाच्या बातम्या करत असे, तेव्हा बाभुळगावकडचा एक अर्जदार प्रत्येक तारखेला दिसायचा. धर्मांतरानंतरच्या पहिल्या निवडणुकीत त्याने विधानसभेच्या राखीव जागेसाठी उमेदवारी अर्ज भरला आणि त्यात स्वतःला बौद्ध लिहिले. अर्ज बाद झाला. राज्यघटनेने दिलेली समानता मोडली, हे त्याचे म्हणणे होते.

"नुसती जात लिहायची. धर्म कायले लिहिला?" त्याचे वकील वैतागून विचारायचे.

"खोटं कायले लिहू, साहेब?"

कोर्टासमोरच्या हॉटेलात तो आत येत नसे. त्याच्या लोकांसाठी बाहेर कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप तो काढायचा, उभ्यानेच चहा प्यायचा आणि कप विसळून पालथा ठेवायचा.

निकाल विरुद्ध गेला. बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीचा हक्क उरत नाही, असे कोर्टाने ठरवले.

"काय गा, झाला काय आमदार?" हॉटेलवाल्याने विचारले.

"नाही, शेटजी. कोर्ट म्हणते, मले आता जातच नाही राह्यली."

"मंग ये ना आत, बस खुर्चीवर!"

बाकांवरचे सगळे हसले. त्याने निकालाचा कागद काखेत धरला, कोनाड्यातून कप काढला आणि पुढे केला. हॉटेलवाल्याने किटली कपाला लागू न देता वरून चहा ओतला.