फ्रुक्टोज निगेटिव्ह

परीक्षानळी उकळत्या पाण्यातून काढून उजेडात धरली. रंग आला नव्हता. शेजारची कंट्रोलची नळी, म्हणजे जिच्यात साखर असल्याची खात्री असते ती, मात्र छान लालबुंद. म्हणजे रसायन शाबूत होतं. मी स्वतःवर खूश झालो. माझ्या बाबतीत हे लक्षण वाईट.

पनवेलला एसटी स्टँडजवळ माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. नमुना गव्हाणच्या हरेशचा होता. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. मायक्रोस्कोपखाली शुक्राणू शून्य. अशा वेळी वीर्यातली फ्रुक्टोज नावाची साखर तपासतात. ती मूत्राशयामागच्या दोन छोट्या पिशव्यांतून येते. साखर सापडली, तर तिथली वाट मोकळी. शुक्राणू बहुधा मुळात तयारच होत नाहीत. नाही सापडली, तर वाट बंद असू शकते, मागे शुक्राणू अडकलेले असू शकतात.

वीर्यही जेमतेम अर्धा मिली. ब्लॉकेजशी अगदी जुळणारं. खरं तर रिपोर्ट द्यायचा आणि गप्प बसायचं. पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

"वाट बंद दिसतेय," मी म्हणालो. "ऑपरेशनने उघडते कधीकधी."

हरेशची बायको सुनंदा रडायलाच लागली. "मंग पोर व्हईल ना, डॉक्टर?"

"का नाही होणार?"

तीन आठवड्यांनी मुंबईच्या सर्जनचा फोन.

"सोनोग्राफीत पिशव्या एकदम नॉर्मल आहेत. सॅम्पल पूर्ण होतं?"

"फॉर्मवर टिक आहे ना."

"टिक कोणी केली?"

"मी."

"त्याला विचारून?"

मी उगाच खोकलो. ही साखर मुख्यतः शेवटच्या भागात येते. तोच भाग डबीबाहेर गेला, तर नळी कोरीच राहणार. म्हणूनच तो प्रश्न मी स्वतः फॉर्मवर छापून घेतलाय. पण खाली मान घालून उभ्या पुरुषाला असलं विचारायची मला लाज. म्हणून सवयीने सगळ्यांना 'पूर्ण'.

हरेशला बोलावलं.

"अर्धा खाली सांडला व्हता," तो फरशीकडे बघत म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलाच नाय."

दुसरा नमुना भरपूर होता. नळी मिनिटभरात लाल झाली. वाट मोकळी होती. रक्तातल्या हॉर्मोनचा रिपोर्टही तेच सांगत होता: शुक्राणू तयारच होत नव्हते. सर्जननेही फारशी आशा दिली नाही.

सुनंदा या वेळी रडली नाही. "सासूबाई आता कुठं माझ्याशी धड बोलाया लागल्या व्हत्या," ती म्हणाली. "आक्खी मानसा ऑपरेशनची वाट बघतान घरान. त्यांना काय सांगू?"

हरेश केव्हाच बाहेर जाऊन उभा राहिला होता.

आता मी प्रत्येकाला तोंडावर विचारतो. सांडलं म्हणाला, तर नमुना फेकून देतो. पण न विचारणं ही माझी धाकटी चूक होती. साखर नाही, एवढंच त्या नळीने सांगितलं होतं. मूल होईल, हे मी पदरचं घातलं.