काय नाय उरत

"परत म्हण. जोरात म्हण. सगळ्यांना ऐकू दे."

गणिताचे सर खुर्चीत रेलून बसले होते. मी फळ्याजवळ उभी. पाचवीचा वर्ग. फळ्यावर मी भागाकार केला होता आणि सरांनी विचारलं होतं, बाकी किती उरली? मी म्हटलं होतं, "काय नाय उरत, सर."

वर्ग हसला. का हसला ते मला कळलं नाही. मला वाटलं गणित चुकलं.

"काय नाय!" सर म्हणाले. "ही कुठली भाषा? कुडपणच्या म्हशी अशा बोलतात का? बाकी काही उरत नाही. नाही. म्हण."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. 

"डोंगर उतरून खाली आली, डोकं मात्र वरच विसरली," सर वर्गाला म्हणाले. "चला, आपणच हिची भाषा शिकू या. म्हणा सगळ्यांनी."

पोरं बाकं वाजवायला लागली. काय नाय. काय नाय. काय नाय.

माझ्या पायांवरून काहीतरी गरम उतरलं. मी खाली बघितलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने बघितलं आणि नाक दाबलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

फळा पुसायचं फडकं टेबलावर होतं. मी हात पुढे केला.

"त्याला हात लावायचा नाही. ते फळ्याचं आहे. तुझ्या दप्तराने पूस."

दप्तर म्हणजे आईने जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. मी पुस्तकं बाकावर काढून ठेवली. गुडघ्यांवर बसले. पुसलं. तोवर सरांनी पुढचं गणित सांगायला घेतलं होतं.

आमच्या कुडपणला तेव्हा शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर पठार उतरायचं. बाबांनी मला महाडजवळच्या सव गावात आत्याकडे ठेवलं. तिथून आम्ही पोरी चालत महाडला शाळेत यायचो. त्या दिवशी मी एकटीच परतले, सगळ्यांच्या मागून. घरी न जाता थेट सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले. दप्तर धुतलं. स्कर्ट धुतला. ओल्यानेच घरी आले.

"काय झाला गो?" आत्याने विचारलं.

"पडले," मी म्हटलं.

ती दप्तराकडे बघत राहिली. त्याला झऱ्याचा गंधकाचा वास येत होता. तिने परत विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर ते शाळेत आले असते, सरांसमोर टोपी काढून उभे राहिले असते आणि म्हणाले असते, सर, चुकली असेल पोर, मारा. हे मला तेव्हाही माहीत होतं.

भागाकार बरोबर होता. बाकी शून्यच होती. हे मला फार उशिरा कळलं. कारण त्या दिवसानंतर मी ते गणित परत उघडलंच नाही.

लोक विचारतात, एवढी भीती होती तर गणितात पदवी कशी घेतलीस? घरात साप शिरला की माणूस त्याच्यावरून नजर काढतो का? तशी मी गणितावरून नजर काढली नाही. घोकलं. सोडवलेलं परत सोडवलं. वर्गात मात्र तोंड उघडलं नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. दहावी झाली, बारावी झाली, महाडच्याच कॉलेजात बी.एस्सी. झाली. मार्क चांगले. पण परीक्षा सुरू व्हायच्या आत बाथरूम कुठे आहे ते मी बघून ठेवायचे. अजून ठेवते. कुठेही गेले तरी.

नंतर महाडच्या बाजारात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये काम मिळालं. मालकांना सगळे शैलेशदादा म्हणायचे. गावातलं जुनं, शिकलेलं घर. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं आणि दादांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. मुंबईला, दुबईला, मस्कतला आपली मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांना इथून इंटरनेटवर गणित शिकवायचं. दारावर पाटी लागली, 'गणिताशी मैत्री'.

"मॅडम, एकच गोष्ट," दादा पहिल्या दिवशी म्हणाले. "मुलांशी गोड बोलायचं, हसत शिकवायचं. आणि ते तुमचं नाय-बिय चालणार नाही. पालक मागे बसून ऐकत असतात."

मी मान हलवली.

कानाला हेडफोन, टेबलावर माईक. समोर स्क्रीनवर पांढरी पाटी. मी माऊसने इथे लिहिलं की तिकडे मुलाला दिसायचं. मूल दिसायचं नाही, नुसता आवाज. आधी मला त्याचीही भीती वाटली. मग हळूहळू लक्षात आलं, आवाजात सगळं कळतं. घाबरलेलं मूल श्वास धरून ठेवतं. उत्तर देताना शेवटी आवाज वर नेतं, म्हणजे चुकलं तर तो प्रश्नच होता असं म्हणता येतं. मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मस्कतची एक मुलगी होती, इरा. चौथीतली. पहिले काही दिवस ती फक्त "ओके मिस" म्हणायची. कळलं का? ओके मिस. नाही कळलं का? ओके मिस. मी एक दिवस म्हटलं, "इरा, आज आपण फक्त चुकीची उत्तरं द्यायची. जो बरोबर उत्तर देईल तो हरला." ती म्हणाली, ओके मिस. मग खुदकन हसली. पाच आणि तीन? तिने सांगितलं, शंभर. मी म्हटलं, माझं उत्तर माकड. ती एवढी हसली की तिची आई बघायला आली.

चुकीचं उत्तर मुद्दाम द्यायचं तर बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. ते तिचं तिलाच कळलं. त्यानंतर ती चुकायला घाबरेना. चुकली की स्वतःच म्हणायची, "मिस, थांबा, मी बघते कुठे गेलं." आणि शोधायची.

क्लास संपला की मी हेडफोन काढायचे आणि दाराकडे बघायचे.  एवढं चांगलं चाललंय म्हणजे आता कुणीतरी येणार, असं वाटत राहायचं.

आले.

"मॅडम, हे आपले मार्गदर्शक," दादा म्हणाले. "सर आता रिटायर झालेत. अख्ख्या महाडला यांनी गणित शिकवलंय. पालकांना नाव सांगितलं की बास."

सर दारात उभे. केस पांढरे झाले होते. आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही.

"किती मुलं आहेत तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.  मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि नळ सोडून उभी राहिले.

सर रोज येऊन बसायला लागले. माझ्याच कॉम्प्युटरला दुसरा हेडफोन जोडला होता, तो लावून ऐकायचे. मधेच एका कागदावर लिहून पुढे सरकवायचे. 'फार हसता.' 'शाबासकी कशाला?' मी त्यांच्याकडे बघायचे नाही. माझा आवाज बारीक होत गेला. इरा म्हणाली, "मिस, तुम्हाला बरं नाहीये का?"

एका संध्याकाळी अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एक छेद चार आणि एक छेद आठ. इरा म्हणाली, "टू बाय ट्वेल्व्ह?" वरचे वर मिळवले, खालचे खाली. सगळी मुलं आधी हेच करतात. मला ही चूक फार आवडते. कारण आता विचारायचं, बारातले दोन म्हणजे सहावा भाग. पाव केक होता, त्यात आणखी तुकडा घातला, आणि तो पावापेक्षा लहान झाला? मग मूल दचकतं, हसतं, आणि स्वतःच म्हणतं, असं कसं होईल?

मी एवढंच म्हटलं, "अरे वा इरा, मस्त चूक. आता बघू या..."

सरांनी माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढला.

"मस्त चूक? चूक कधी मस्त नसते. मी तुझ्या मिसचा मोठा सर बोलतोय. परत सांग. लवकर."

हेडफोनमध्ये इराचा श्वास थांबलेला.

"उत्तर."

"वन बाय ट्वेल्व्ह?"

"चूक."

"टू बाय एट? नाही, फोर? सिक्स?"

"लिलाव चाललाय का इथे?" सर हसले. "चौथीत आहेस ना? की चुकून बसवलंय?"

इरा रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ओके सर."

माझ्या मांड्या आवळल्या गेल्या. मला उठून आत पळायचं होतं, खरंच सांगते, मला फक्त पळायचं होतं. मी उभीही राहिले. पण हात माईककडे गेला. तो मी सरांच्या हातातून ओढून घेतला.

"इरा, मी हाय," मी म्हटलं. "घाबरू नको. नाय आलं तर नाय आलं, आपण दोघी बघू. आज बास. उद्या तुझी चूकच आपण पहिली बघायची."

आणि कॉल बंद केला.

सर माझ्याकडे बघत होते. मी कुठे बघत होते मला आठवत नाही. 

दुसऱ्या दिवशी मस्कतहून फोन आला. इराच्या बाबांचा. मला वाटलं ते सरांबद्दल बोलतील. त्यांची तक्रार माझ्याबद्दल होती. एवढ्या ज्येष्ठ शिक्षकांना मधेच तोडून कॉल बंद केला. आणि त्या मॅडम कसलं मराठी बोलतात? आमच्या मुलीला तसली भाषा लागायला नको.

"चल माझ्याबरोबर," शैलेशदादा म्हणाले. पहिल्यांदाच ते मॅडमवरून 'तू'वर आले. "सरांच्या घरी जायचं, माफी मागायची, विषय संपला. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी गेले. भित्रं माणूस आधी जातंच. वाटेत माफीचं वाक्य पाठ करत होते, शुद्ध मराठीत.

सर ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. "कुठल्या गावची तू?"

"कुडपणची."

"अस्सं. मग बरोबर."

काय बरोबर? मी पाठ केलेलं वाक्य विसरले. दुसरंच तोंडातून आलं.

"सर, मी तुमच्या वर्गात होते. पाचवीला."

मग मी सांगितलं. भागाकार. बाकं वाजवणं. दप्तर. दादा मधे म्हणाले, "अगं, हे काय काढतेस आता?" मी थांबले नाही. आत्यालासुद्धा जे सांगितलं नाही ते सगळं मी त्या ओटीवर उभं राहून सांगितलं.

सरांनी पायाने झोपाळा थांबवला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"आठवत नाही," ते म्हणाले. "अशा किती आल्या नि गेल्या. पण बघ, त्या धाकानेच आज गणित शिकवतेस ना? घडवलंच म्हणायचं तुला."

आजवर मला जेवढी भीती वाटली, त्यातली सगळ्यात मोठी त्या क्षणी वाटली. कारण हे खरं असेल तर? साप घरात सोडणाऱ्याचे मी आभार मानायचे का?

"धाकानं मी गणित नाय शिकले, सर," मी म्हटलं. "धाकानं मी बोलायची बंद झाले. आणि माझा भागाकार बरोबर होता. तुम्ही फळ्याकडे बघितलंच नाय."

माफी मागितली नाही. पायऱ्या उतरले. मागून दादांनी हाक मारली, मी वळले नाही.

इरा पुन्हा भेटली नाही. तिचा नंबर क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला. तिची चूक पहिली बघायची होती, ती तशीच राहिली. तिला ती बेरीज कुणी, कशी शिकवली, मला माहीत नाही. या विचाराने अजून मला बरं वाटत नाही आणि वाटूही नये.

पोलादपूरला एका सायबर कॅफेत दुपारनंतर एक कॉम्प्युटर मला मिळाला. आमच्या पठारावरची माणसं मुंबईला नोकरीला आहेत, त्यांची पोरं तिकडे शाळेत गणितात मागे पडतात. त्यांना मी इथून शिकवायला लागले. वीज जाते. लाईन तुटते. परत जोडते.

मागच्या आठवड्यात एका मुलाचा बाप लाईनवर आला. गिरगावात कामाला असतो. "बाई, त्याला जरा दम द्या. तुमी लय गोड बोलता. तिकडनं मारता नाय येत, पण वरडा तरी. मी मागं उभा राहतो."

"तुम्ही मागे उभे राहू नका," मी म्हटलं. "आणि मी वरडणार नाय."

"मग दुसरीकडं घालतो त्याला."

"घाला. पण आजचा तास माझा हाय. त्याला हेडफोन द्या आणि बाहेर जा."

तो गेला की दाराआड उभा राहिला, मला दिसलं नाही.  बाप पोराला काढून घेईल, एक काढला की दुसराही काढेल, हे मला कळत होतं. मी अजून घाबरते. फोन वाजला की घाबरते, मागे पाऊल वाजलं की घाबरते. ही भीती जाणार नाही, ती जायची वाट बघणंही मी सोडलंय. पण ज्या दिवशी माझ्या आवाजाने एखादं मूल श्वास धरेल, त्या दिवशी मी हे काम बंद करेन. आणि दुसरा कुणी त्याला श्वास धरायला लावत असेल, तर मी मधे पडेन. मास्तर असो, मालक असो, त्याचा सख्खा बाप असो. माईक माझ्या हातात राहील.